संपर्क तुटल्यावर हुकूम कोणाचा?

मागील अंकात मोठ्या नेटवर्कांच्या देखभालीविषयी लिहिताना, सैन्यदलांची नेटवर्के बुद्धिमान सॉफ्टवेअर एजंटांकडून, म्हणजे परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घेणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, सांभाळण्याचे प्रयत्न गेली तीसएक वर्षे चालू आहेत, असा एका वाक्यापुरता उल्लेख या सदरात आला होता. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी लाइन तुटली की जवान तारेचा ड्रम घेऊन रात्रीच बाहेर पडत. आता हे काम सॉफ्टवेअर करते म्हणतात. सॉफ्टवेअर तुटलेली तार जोडणार कशी? आणि मुख्यालयाशी संपर्कच उरला नाही, तर त्याला हुकूम कोण देतो?
– एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

उत्तर : सुभेदारसाहेब, तुटलेली तार आजही जवानच जोडतो. सॉफ्टवेअरचे काम तार तुटल्यापासून आपला जवान तिथे पोहोचेपर्यंतच्या वेळातले आहे. तार नेमकी कोणत्या टप्प्यात तुटली हे ओळखायचे, तोवर वाहतूक रेडिओच्या किंवा उपग्रहाच्या वाटेने वळवायची, आणि ती वाट अरुंद असल्यामुळे जखमींना हलवण्याचा संदेश आधी व कॅमेऱ्याचे चित्र नंतर, असा क्रम लावायचा. हे सगळे पूर्वी एक्स्चेंजवरचा अनुभवी माणूस डोक्याने करत असे.

मुख्यालयातून हे का करता येत नाही, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एका पुढच्या छावणीत राउटर, स्विच, सर्व्हर, रेडिओ अशी मिळून २०० उपकरणे आहेत आणि मुख्यालयातील नियंत्रण कक्ष त्यांतल्या प्रत्येकाला दर मिनिटाला दहा प्रश्न विचारतो: भार किती, चुका किती, कोणता दुवा बंद, वगैरे. एक प्रश्न आणि त्याचे उत्तर मिळून २०० बाइट धरले, तर एका फेरीचे चार लाख बाइट, म्हणजे ३२ लाख बिट होतात. छावणीचा उपग्रहदुवा दोन्ही दिशांना मिळून सेकंदाला ६४,००० बिट नेणारा असेल, तर प्रत्येक मिनिटातील ५० सेकंद नुसत्या विचारपुशीत जातात आणि ज्या कामासाठी तो दुवा उभारला त्याच्या वाट्याला दहा सेकंद उरतात. शिवाय भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो; एकेक करून विचारत गेल्यास दोन हजार प्रश्नांना सोळा-सतरा मिनिटे लागतील. एवढ्या उशिरा मिळालेले चित्र शिळे असते, आणि शिळ्या चित्रावरून दिलेला हुकूम कधी कधी हुकूम न देण्यापेक्षा वाईट ठरतो.

आपला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि या सदरातील पुढची बरीच उत्तरे त्याच्याभोवतीच फिरणार आहेत. संपर्क तुटल्यावर कोणीच हुकूम देत नाही. तो आधीच देऊन ठेवावा लागतो. लाइन पार्टी बाहेर पाठवताना आपण नाईकाला प्रत्येक पाऊल सांगत नव्हता. काय साधायचे आहे, कुठवर जायचे, कशाला हात लावायचा नाही आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर परत फिरायचे, एवढे सांगत होता. चांगल्या एजंटाला नेमके हेच द्यावे लागते: उद्दिष्ट, हद्द, मनाई आणि मुदत.

यात एक गोष्ट आपल्याला लगेच पटेल, पण कार्यालयात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. व्यापारी नेटवर्कातील एजंट दर तीस सेकंदांनी ‘मी जिवंत आहे’ असे कळवत राहतो आणि ती चांगली सवय समजली जाते. रणभूमीवर प्रत्येक प्रक्षेपण म्हणजे शत्रूच्या दिशाशोधकाला दिलेला पत्ता असतो. रेडिओ मौन पाळायचे असताना एजंटानेही गप्प राहिले पाहिजे, आणि आपल्या शेजारचा एजंट गप्प आहे याचा अर्थ तो मेला असा घेता कामा नये.

प्रश्न : आम्हाला अभ्यासक्रमात एसएनएमपी (नेटवर्कातील उपकरणांवर दुरून देखरेख ठेवण्याची प्रमाण पद्धत) आहे. त्यातही प्रत्येक उपकरणावर ‘एजंट’ असतोच. मग ‘बुद्धिमान’ एजंट हे नवीन काय?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : शब्द एकच असल्यामुळे हा घोटाळा होतो. १९८८ साली एसएनएमपीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हाची उपकरणे दुबळी होती. त्यांच्या प्रोसेसरवर भार नको म्हणून सगळी अक्कल मध्यवर्ती व्यवस्थापकाकडे आणि उपकरणावर फक्त विचारले तर सांगणारा एजंट, अशी वाटणी मुद्दाम केली गेली. तो एजंट १६१ क्रमांकाच्या पोर्टवर (संदेश आत घेण्याच्या क्रमांकित दारावर) प्रश्नाची वाट पाहतो, आणि फारच बिघडले तर स्वतःहून एखादा इशारा व्यवस्थापकाच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर धाडतो. आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे त्याच्या कामात बसत नाही.

ही वाटणी उलटी करण्याची कल्पना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात येखियाम येमिनी आणि गेर्मान गोल्डश्मिट यांनी १९९१च्या सुमारास मांडली. आकडे वर मागवण्याऐवजी आकडे तपासणारा कार्यक्रमच खाली उपकरणाकडे पाठवावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी त्याला नाव दिले ‘अधिकार सोपवून व्यवस्थापन’. मला ते नाव फार समर्पक वाटते, कारण त्यात बुद्धीचा उल्लेख नाही, अधिकाराचा आहे.

बुद्धीच्या बाजूने पाहायचे तर आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी १९९०च्या दशकात मेलबर्नमध्ये विकसित केलेली मांडणी आपण जरूर वाचा. तिच्यात एजंटाजवळ तीन गोष्टी असतात: परिस्थितीविषयीची समजूत, गाठायची उद्दिष्टे आणि त्यासाठी हाती घेतलेला संकल्प. समजूत बदलली की संकल्प सोडायचा की चालू ठेवायचा, हा निर्णय एजंट स्वतः घेतो. एसएनएमपीचा एजंट सांगेल की दुव्यावर चुका वाढल्या आहेत. हा एजंट म्हणेल की चुका वाढल्या आहेत, पण त्या रोज दुपारी याच वेळी वाढतात आणि तासाभरात कमी होतात, म्हणून वाहतूक वळवण्याचा संकल्प आता सोडावा.

याची गरज मला एका रात्री प्रत्यक्ष दिसली. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षात मी पाळीवर असताना एका मधल्या स्विचचा वीजपुरवठा गेला, आणि त्याच्यामागची सगळी उपकरणे दिसेनाशी झाल्यामुळे पडद्यावर तीनशेहून अधिक अलार्म ओळीने उतरले. मूळ अलार्म त्या गर्दीत खूप खाली गेला होता. आम्ही दोघे वरून एकेक तपासत खाली आलो आणि पाऊण तास घालवला, मग केबल-कक्षातला शिपाई येऊन म्हणाला, “साहेब, त्या कपाटातला दिवा विझलाय.” तीनशे अलार्मांमागे कारण एकच आहे हे सांगणारा कोणी त्या स्विचच्या शेजारच्या संगणकावर बसलेला असता, तर आम्हाला एकच ओळ वाचावी लागली असती.

प्रश्न : सगळे नेटवर्क एकाच कंपनीचे का घेत नाहीत? मिश्र उपकरणांची डोकेदुखी मुळातच टळेल.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सैन्याची खरेदी दशकांवर पसरलेली असते. जहाज तीस-चाळीस वर्षे चालते, त्यावरचा संगणक पाच वर्षांत जुना होतो, आणि रेडिओ या दोन्हींच्या मधल्या वयाचा असतो. त्यात मित्रराष्ट्रांची उपकरणे मिसळतात आणि गोपनीयतेच्या पायऱ्यांप्रमाणे वेगवेगळी नेटवर्के करावी लागतात. अमेरिकेत गोपनीय कामासाठी सिपरनेट आणि अगोपनीय कामासाठी निपरनेट अशी दोन वेगळी जाळी आहेत. तेथील तेव्हाचे संरक्षण उपमंत्री विल्यम लिन यांनी २०१० साली आपल्या सैन्यदलांची १५,००० नेटवर्के आणि त्यांवरची ७० लाख संगणकीय उपकरणे असल्याचे लिहिले होते. ही यंत्रणा चालती ठेवण्यासाठी ९०,०००हून अधिक माणसे पूर्णवेळ राबत होती. एवढा पसारा एका कंपनीचा असू शकत नाही, आणि असू नये असेही मी म्हणेन, कारण मग त्या कंपनीच्या एका चुकीने सगळेच एकदम आडवे होईल.

खरी अडचण तारा जुळण्याची नसून शब्द जुळण्याची असते. दोन कंपन्यांचे राउटर ‘भार’ या शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एक शेवटच्या पाच सेकंदांची सरासरी देतो, दुसरा पाच मिनिटांची. म्हणून एजंटांच्या संशोधनाचा मोठा भाग समान बोलीवर खर्च झाला. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेच्या आश्रयाने १९९०च्या दशकाच्या आरंभी केक्यूएमएल ही एजंटांची भाषा तयार झाली आणि १९९६ साली स्थापन झालेल्या फिपा या संघटनेने तिच्या पुढचे मानक केले. कामाच्या वाटपासाठी रीड स्मिथ यांनी १९८० साली सुचवलेली पद्धत मात्र आपल्या ओळखीची आहे: ज्याच्याकडे काम आहे तो निविदा काढतो, ज्याला जमेल तो बोली लावतो, आणि काम योग्य बोलीला मिळते. उपग्रहाचा दुवा पडला तर ‘माझी वाहतूक कोण नेईल’ असे एक एजंट विचारतो आणि जवळचे रेडिओ आपापली मोकळी क्षमता कळवतात. कोणत्या कंपनीचा रेडिओ आहे, हे विचारण्याची गरज पडत नाही.

प्रश्न : माणूस चुकतो तेव्हा एका ठिकाणी चुकतो. हे एजंट चुकले तर?
– एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : सर, आपल्या भीतीला इतिहासाचा आधार आहे, आणि तो इतिहास अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या आर्पानेट या आद्य नेटवर्काचाच आहे. या प्रश्नावर मी थोडा अधिक वेळ थांबतो.

आर्पानेटच्या प्रत्येक ठाण्यावर आयएमपी नावाचा एक छोटा संगणक असे. आपल्या शेजारच्या दुव्यांची स्थिती कशी आहे, याची वार्ता प्रत्येक आयएमपी मिनिटाला किमान एकदा तयार करी आणि ती हातोहात सगळ्या जाळ्यात पसरे. मध्यवर्ती हुकूम न घेता प्रत्येकाने त्या वार्तांवरून आपापला मार्ग ठरवायचा, अशी ती रचना होती. आजच्या एजंटांची ती पूर्वजच म्हणायला हवी. जुनी वार्ता कोणती आणि नवी कोणती हे कळावे म्हणून प्रत्येकीवर ० ते ६३ मधला एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ० येणार, म्हणून नियम घड्याळासारखा केला होता: दोन क्रमांकांतील फरक ३२ किंवा त्याहून कमी असेल तर मोठा क्रमांक नवा, आणि फरक ३२ पेक्षा जास्त असेल तर लहान क्रमांक नवा, कारण मोजणी एक फेरा पूर्ण करून पुढे आली आहे.

२७ ऑक्टोबर १९८० या दिवशी एका आयएमपीच्या हार्डवेअरमध्ये बिघाड होऊन बिट गळू लागले. ४४ हा क्रमांक द्विमान पद्धतीत १०११०० असा लिहितात. त्यातला एक १ गळला की १०१०००, म्हणजे ४० होतो; आणखी एक गळला की ००१०००, म्हणजे ८. अशा रीतीने ५० क्रमांकाच्या आयएमपीच्या नावावर ८, ४० आणि ४४ अशा तीन वार्ता एकाच वेळी जाळ्यात फिरू लागल्या. आता नियम लावून पाहा. ८ पेक्षा ४० नवा, कारण फरक ३२. ४० पेक्षा ४४ नवा, कारण फरक ४. आणि ४४ पेक्षा ८ नवा, कारण फरक ३६. प्रत्येक वार्ता दुसऱ्या एकीहून नवी ठरल्यामुळे प्रत्येक आयएमपी तिघींनाही पुन्हा पुन्हा स्वीकारत आणि पुढे पाठवत राहिला, आणि या कामाला अग्रक्रम असल्यामुळे खऱ्या वाहतुकीला वेळच उरला नाही. कित्येक तास ते नेटवर्क वापरण्याजोगे राहिले नाही.

एकही आयएमपी नियमाबाहेर वागत नव्हता. एखादा बंद करून पुन्हा चालू केला, तर शेजारी त्याला त्याच तीन वार्ता लगेच देत. अखेर, ५० क्रमांकाच्या नावाने आलेली कोणतीही वार्ता मानू नका, अशी दुरुस्ती आयएमपींच्या कार्यक्रमात घालून ते चक्र थांबवावे लागले. देखभाल करणाऱ्या बीबीएन कंपनीतील एरिक रोझेन यांनी या घटनेचे जे विश्लेषण १९८१ साली प्रसिद्ध केले, ते आजही प्रत्येक नेटवर्क अभियंत्याने वाचावे असे मला मनापासून वाटते. पुढे रेडिया पर्लमन यांनी १९८३ साली दाखवून दिले की वार्तेला वय लावले आणि ठरावीक वेळेनंतर ती आपोआप मरेल अशी रचना केली, तर बिघडलेले यंत्र बाजूला काढताच उरलेले नेटवर्क माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय सावरते.

पहिल्या उत्तरात मी मुदतीचा उल्लेख केला तो यासाठीच. एजंटाने वाहतूक वळवली असेल, एखादे पोर्ट बंद केले असेल, तर त्या निर्णयावर मुदत हवी. ती संपली आणि कोणी नव्याने दुजोरा दिला नाही, तर जुनी स्थिती परत यावी. एका एजंटाला तासाभरात किती बदल करता येतील यावर मर्यादा हवी. आणि सर्व ठाण्यांवर एकाच कार्यक्रमाची एकच आवृत्ती एकाच दिवशी बसवू नये, कारण सगळ्यांचे वळण एक असेल तर सगळ्यांची चूकही एक असते.

प्रश्न : शत्रूने एजंटच फितवला तर? आणि भारतात या दृष्टीने काय घडते आहे?
– एक वाचक, पणजी

उत्तर : पहिला भाग आधी. जुन्या एसएनएमपीमध्ये परवलीचा शब्द उघडाच तारेवरून जात असे, आणि अनेक उपकरणांवर तो कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हाच शब्द राही. २००२ साली पूर्ण मानक झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने ओळखपडताळणी आणि सांकेतिकीकरण आणले. पण एजंटाला निर्णयाचा अधिकार दिला की धोका वाढतो, कारण चोराच्या हाती आता किल्ल्यांचा जुडगाच पडतो.

यावर मला पटलेले उत्तर कोॲक्स या प्रयोगात आहे. डार्पाच्या कार्यक्रमातून निघालेल्या आणि २००२ पर्यंत चाललेल्या या प्रयोगात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांतील संशोधन गटांनी आपापले एजंट आणून ‘बिन्नी’ नावाच्या कल्पित देशातील संयुक्त मोहीम चालवून पाहिली. त्यात एका नव्या भागीदाराचा एजंट नेटवर्क तुंबवू लागतो, असा प्रसंग मुद्दाम घातला होता. त्याला आवर घातला तो त्याच्या बाहेरच्या धोरण-व्यवस्थेने: एजंटाला किती प्रोसेसर, किती बँडविड्थ (दुव्याची वहनक्षमता) मिळेल आणि तो कोणाशी बोलेल, हे एजंटाच्या आत न लिहिता तो ज्या यजमान संगणकावर चालतो तिथे ठरवले होते. त्यामुळे एजंटाचा स्वभाव पालटला तरी त्याची हद्द पालटली नाही.

भारताविषयी थोडक्यात. हवाई दलाचे एएफनेट २०१० साली सुरू झाले, आणि तिन्ही दलांना जोडणाऱ्या डिफेन्स कम्युनिकेशन नेटवर्कचे उद्घाटन २०१६ साली आपल्याच गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांच्या हस्ते झाले. लडाखपासून बेटांपर्यंत पसरलेल्या अशा जाळ्यात मिश्र उपकरणे, थंडी, अंतर आणि उपग्रहाचे अरुंद दुवे हे सगळे प्रश्न एकत्र येतात. वर केलेले गणित तिथे कागदावरचे राहत नाही.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता इतकी पुढे गेली आहे, हे सर्व नियम जुने झाले नाहीत का? आमच्या कार्यालयात असा एजंट बसवायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?
– नेटवर्क अभियंता, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : क्षमता वाढली आहे, यात शंका नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये लास व्हेगास येथे डार्पाने भरवलेल्या स्पर्धेत सात यंत्रणांनी माणसाच्या मदतीविना सॉफ्टवेअरमधील दोष शोधले, बुजवले आणि एकमेकींवर हल्लेही केले. ‘मेहेम’ ही यंत्रणा २० लाख डॉलरचे पहिले बक्षीस घेऊन गेली. तिथे एक नियम फार विचारपूर्वक ठेवला होता: दोष बुजवताना सेवा मंदावली किंवा बंद पडली, तर गुण कापले जात. म्हणजे दुरुस्ती करावी की तूर्त राहू द्यावी, हाही निर्णय यंत्रणेलाच घ्यावा लागे. नाटोच्या एका संशोधन गटाने २०१८ साली सायबर-संरक्षण करणाऱ्या स्वायत्त एजंटाचा जो आराखडा मांडला, त्यातही परिस्थिती ओळखणे, आखणी, कृती आणि शिकणे यांच्याबरोबर इतर एजंटांशी वाटाघाट हे स्वतंत्र अंग धरले आहे. अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. शिकणाऱ्या एजंटाच्या बाबतीत तो अधिक अवघड झाला आहे, कारण उद्या तो काय करेल हे आज वाचून कळत नाही.

आपल्या कार्यालयासाठी असे करा. पहिले तीन महिने एजंटाला फक्त वाचण्याची परवानगी द्या आणि ‘मी असतो तर हे केले असते’ अशी नोंद तारीख-वेळेसह लिहायला लावा. त्या नोंदी दर सोमवारी पाळीवरच्या माणसांबरोबर बसून वाचा आणि जिथे तो आणि माणूस वेगळे वागले तिथे कारण शोधा. त्यानंतर ज्या कृती सहज उलटवता येतात तेवढ्याच त्याच्याकडे सोपवा, प्रत्येकीला मुदत लावा. आणि नेटवर्क संपूर्ण तुंबले तरी उपकरणापर्यंत पोहोचता येईल अशी एक वेगळी तार, कन्सोल केबल किंवा साधा टेलिफोन मोडेम, आधी बसवून घ्या. ती तार महिन्यातून एकदा खरोखर वापरून पाहा.